न उघडणारी तोरणं

दसऱ्याच्या दिवशी मी माझ्या सुनेचं दुकान बंद पाडलं. कुलूप लावलं नाही, पाटी उतरवली नाही, भांडणही काढलं नाही. हळद-कुंकू वाहून, उदबत्ती ओवाळून, साग्रसंगीत बंद पाडलं. वर शेजारणीला सांगूनही आले की, आज सुनेच्या कामाला माझा हात लागला.

लागला होताच.

दुकान शटरचं नव्हतं. दोन हजार साल मागे पडून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. सुनेनं इंटरनेटवर दुकान काढलं होतं आणि त्यात माल माझा होता. माल म्हणजे क्रोशाचे नमुने. नव्वदच्या सुमाराला कोल्हापुरात आमच्या पुढच्या खोलीत मी क्रोशाचे वर्ग घ्यायचे. तोरणं, ताटावरचे रुमाल, बाळाच्या कुंच्या. नमुना हातानं कागदावर मांडायचा, झेरॉक्स काढून बायकांना वाटायचा. त्या वर्गात माझा काय रुबाब! एखादीचा खांबाचा टाका वाकडा आला तर सगळ्यांसमोर उसवायला लावायची. आता आठवलं की वाटतं, त्या बाईला कुणीतरी एकदा उसवायला हवं होतं. ते काम पुढे सुनेनं केलं, पण फार हलक्या हातानं.

सून जयसिंगपूरची. कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. माळ्यावरचे माझे पिवळे पडलेले कागद तिला सापडले तेव्हा ती म्हणाली, "आत्ती, हे तर सोनं हाय की." मी म्हटलं, "सोनं असतं तर तुझ्या सासऱ्यांनी माळ्यावर ठेवलं नसतं." पण तिनं मनावर घेतलं. माझ्या शेजारी बसून एकेक टाका घालायला लावला, प्रत्येकाचा फोटो काढला, खाली दोन ओळींत कृती लिहिली. माझ्या कागदावर ज्या गोष्टी 'समजून घेणे' म्हणून सोडल्या होत्या, त्या तिनं मला विचारून विचारून लिहून काढल्या. तेव्हा कळलं, निम्म्या मलाही समजल्या नव्हत्या, हाताला समजल्या होत्या.

मग दुकान उघडलं. बाई कुठल्याही गावची असो, परदेशातली असो, तिनं पैसे भरले की तिला एक मेल जायचा. मेलमध्ये एक लिंक. ती दाबली की नमुना तिच्या कॉम्प्युटरवर उतरायचा. पार्सल नाही, पोस्ट नाही. यजमानांना हे काही केल्या पटेना. "दुकान हाय म्हणतासा, मग शटर कुठाय?" असं ते रोज सकाळी चहाला विचारायचे.

सुनेनं या दुकानापायी क्लासची नोकरी सोडली होती. क्लासचे सर भले, त्यांनी तिची जागा दिवाळीपर्यंत भरली नव्हती. घरात ठरलं होतं, दिवाळीत तोरणं खपली तर दुकान चालवायचं, नाहीतर पाडव्यानंतर मुकाट्यानं क्लासला जायचं. ठरवलं तिनंच, कुणी लादलं नव्हतं. पण ती तोरणाचे नवे नमुने करत बसायची तेव्हा तिच्या पाठीकडे बघून मला कळायचं, तिला परत जायचं नाही.

अशात दसरा आला. सकाळी तिनं शेवटची तोरणं दुकानात चढवली आणि सोनं द्यायला माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "आत्ती, कॉम्प्युटर चालूच हाय. त्याची बी पूजा करा."

मी केली. माऊसला कुंकू लावलं, पडद्याला झेंडूची माळ, बटणांवर आपट्याचं पान. नमस्कार करून उठणार तर पडद्यावर लक्ष गेलं. फाईलींची नावं ओळीनं मांडलेली, डावीकडे एक रांग, उजवीकडे तशीच दुसरी. आणि एकाही नावाच्या आधी श्री नाही.

आमच्या घरात किराण्याची चिठ्ठीसुद्धा श्री लिहिल्याशिवाय सुरू होत नाही. वर्गातल्या झेरॉक्सवर एकदा श्री कापला गेला होता, तर मी गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवला होता. आणि इथं दिवाळीचा माल बिनश्रीचा उभा. मला फाईलीचं नाव बदलायला येत होतं. मुलानं फोटोंना नावं देताना शिकवलं होतं. तेवढंच येत होतं, आणि तेवढंच पुरलं.

सुरुवात उजवीकडच्या रांगेपासून केली, कारण शुभकार्य उजव्या हातानं. प्रत्येक नावापुढे इंग्रजी अक्षरांत श्री लिहीत गेले. मध्ये चहासुद्धा घेतला नाही. उजवी रांग संपली आणि सोनं द्यायला माणसं यायला लागली, म्हणून डावी राहिली. ती राहिली याची मला दिवसभर चुटपुट लागली होती. आता सांगते, डावी रांग म्हणजे आमचा घरचा कॉम्प्युटर. उजवी म्हणजे दुकानाचं गोदाम, जे परदेशात कुठल्याशा मशीनवर होतं. मी घर सोडून नेमकी गोदामातल्या मालाची नावं बदलली होती. गिऱ्हाइकाला दिलेली लिंक जुन्या नावानं माल मागत होती आणि त्या नावाचं गोदामात काहीच नव्हतं.

सून माहेराहून परतली, तर मेल येऊन पडलेले. लिंक दाबली की पान सापडत नाही असं येतंय. एकीनं लिहिलं, पुन्हा पाठवा. दुसरीनं लिहिलं, बहुतेक माझ्याच कॉम्प्युटरचा दोष असेल. तिसरीनं मात्र सरळ फसवणूक हा शब्द वापरला होता. सुनेनं तो मेल वाचला आणि पदराला हात पुसले. हात ओले नव्हते.

तिच्या जागी मी असते तर आधी गिऱ्हाइकांना झाडलं असतं, मग मशीनला, मग यजमानांना. तिनं कुणालाच काही म्हटलं नाही. आधी घरातल्या फाईली उघडून बघितल्या. त्या शाबूत. मग आपल्याच दुकानातली लिंक दाबली. तोरण उघडलं. पुन्हा दाबली, पुन्हा उघडलं.

मी म्हटलं, "बघ, बायकांनाच येत नसंल. माझ्या वर्गात बी अशा होत्या."

"एकीला येत न्हाई म्हणू या, आत्ती. सगळ्यांना कसं येत नसंल?"

मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, हा कॉम्प्युटर ओळखीचा झालाय. आधी उघडलेली पानं जवळ ठेवतो आणि तीच काढून दाखवतो. आपल्याला अनोळखी कॉम्प्युटर पायजे. गिऱ्हाईक होऊन बघायला पायजे.

मला ते फार आवडलं. आपल्या मालाबद्दल तक्रार आली तर आपण काउंटरच्या अलीकडूनच बोलतो. ती उठून पलीकडे जाऊन उभी राहिली.

तिच्या स्कूटीवर मागे बसून मी राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत गेले. गल्ल्यावरच्या माणसानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मावशी, तुमास्नी काय पायजे? हितं गेम खेळत्यात."

"तोरण घ्यायचंय," मी म्हटलं.

"मग महाद्वार रोडला जावा की."

सुनेनं त्याला हसून गप्प केलं आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे बसली. दुसऱ्याच नावानं स्वतःच्या दुकानात शिरली, स्वतःचं तोरण घेतलं, स्वतःलाच आलेला मेल उघडला आणि लिंक दाबली. पान सापडत नाही. तिनं तिथंच हात थांबवला. पुन्हा पुन्हा दाबत बसली नाही. वर लिहिलेला लिंकचा पत्ता एकेक अक्षर करून वाचायला लागली.

मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. पत्त्याच्या शेवटी तोरणाचं नाव होतं. ते बघून मला त्या मशीनची कीव आली.

"अगं, हे नावच चुकीचं मागतंय," मी ठसक्यात म्हटलं. "ह्याच्यापुढं श्री कुठाय? मी तर घातलाय."

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. "कसला श्री?"

मी सांगितलं. उजव्या हातापासून सांगितलं, चहा घेतला नाही तेही सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज खाली खाली येत गेला. शेवटी तिनं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, खांदे हलवून हसत होती. गल्ल्यावरचा माणूस उठून उभा राहिला. "काय झालं, वैनी? मिळालं का तोरण?"

"मिळालं," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं गोदामातली नावं पूर्वीसारखी केली. मला वाटलं, संपलं. पण मेल थांबेनात. ज्यांनी आज घेतलं त्यांचं उघडत होतं, आधीच्या बायकांचं नाही. इथं माझं डोकं चाललं असतं तर मी पुन्हा उजवीकडे काहीतरी केलं असतं. ती शांत बसून म्हणाली, जे बिघडलं ते दुरुस्त झालंय, आता त्या बिघाडानं मागं काय ठेवलं ते बघायचं. आणि सापडलं. प्रत्येक लिंक ठरावीक वेळाच उघडायची, म्हणजे एकीनं घेऊन गावभर वाटू नये. बिचाऱ्या बायकांनी रिकाम्या गोदामाचं दार ठोठावून ठोठावून त्या वेळा संपवल्या होत्या.

तिनं प्रत्येकीला नवी लिंक पाठवली आणि सोबत पत्र. मी मजकूर सुचवत होते. लाइटीचं कारण लिही, परदेशातल्या मशीनचं लिही. तिनं लिहिलं ते मला अजून तोंडपाठ आहे. 'चूक आमच्याकडून झाली. आमच्या हातून फाईलींची नावं बदलली गेली. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काही दोष नाही. ही नवी लिंक. हीही उघडली नाही तर कळवा, नमुना मेललाच जोडून पाठवते.' कुठं सासूचं नाव नाही. 'घरातल्या कुणीतरी' एवढंसुद्धा नाही. मी विचारलं, "माझं का लिहिलं न्हाईस?" तर म्हणाली, "गिऱ्हाइकाला तोरण पायजे, आत्ती. गुन्हेगार कशाला पायजे?"

नंतर एकेक नमुना उघडून पहिल्या पानाच्या डोक्यावर, मधोमध, तिनं श्री टाकला. माझ्याच अक्षरातला, जुन्या झेरॉक्सवरून उचललेला. पानावर काहीही लिहा, गोदामाला फरक पडत नाही, असं मला समजावून सांगितलं. मी पुष्कळ मान हलवली.

फसवणूक म्हणणारी बाई दोन दिवस गप्प होती. त्या दोन दिवसांत सून दर थोड्या वेळानं मेल बघायची आणि मी तिच्याकडं. मग त्या बाईचा मेल आला. लिंक उघडली होती. तिनं लिहिलं होतं, इतकं सरळ उत्तर मला कुठल्या दुकानानं आजवर दिलेलं नाही. खाली आणखी दोन तोरणं मागितली होती आणि तिच्या ओळखीच्या बायकांची रांगच मागोमाग आली. वसुबारसेपर्यंत सुनेला जेवायला हाका मारायला लागत होत्या.

धनत्रयोदशीला क्लासच्या सरांचा फोन आला. मी दारात दिव्यांना तेल घालत होते, आतलं सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "न्हाई सर, येणार न्हाई. जागा भरून टाका. दुकान चाललंय." फोन ठेवून ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी वाती सारख्या करत बसली. मला काहीतरी बोलायचं होतं, चुकले म्हणायचं होतं बहुतेक, पण सासूच्या तोंडाला ती सवय नसते. माझी ती अडचण ओळखून असेल किंवा नसेल, ती दिव्यावरची नजर न काढता म्हणाली,

"आत्ती, पाडवा झाला की तुम्हाला कॉम्प्युटर नीट शिकवते. न शिकता एवढं केलासा, शिकल्यावर काय करतासा ते मला बघायचंय."