आईला पाणी कोणी पाजलं?

आधीच सांगते, स्वर्ग-नरक, आत्मे वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही! तरी लिहायला बसले, कारण हल्ली ज्याला त्याला मरणाच्या दारात लख्ख प्रकाश दिसतो... आणि तो नेमका आधी कुठल्यातरी पुस्तकात वाचलेला असतो. माझ्या आईला काही दिसलं नव्हतं. तिला तहान लागली होती, बस.

आम्ही पनवेलचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. पन्नासच्या दशकातला उन्हाळा, माझं लग्न व्हायचं होतं. आई मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळलेली. मामा मुंबईहून मुक्कामाला आलेले. त्यांना स्वर्गावरच्या इंग्रजी पुस्तकांचं भारी वेड. मेलेली माणसं परत येऊन काय सांगतात, देवदूत कसे दिसतात — सगळं आईच्या उशाशी बसून मोठ्याने वाचायचे. एकदा मी भडकलेच.

"मामा, ती बरी होणार आहे. आत्तापासून तिला तिकडचा पत्ता कशाला सांगताय?"

त्या दुपारी डॉक्टरांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली आणि नुसती मान हलवली. बाबा त्यांच्यामागे बाहेर गेले आणि ओटीवरच भिंतीला टेकून बसले.

आमच्यात घरात माणूस गेलं की भरून ठेवलेलं सगळं पाणी ओतून टाकतात. ते काम माझ्याकडे आलं. सगळ्यात आधी आईच्या उशाचं फुलपात्र मी खिडकीतून रिकामं केलं आणि उपडं ठेवलं. मग कळशी, बादली, हंडे... मागच्या अंगणात एकेक ओतत होते. रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता. मामा आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसलेले.

शेवटचा हंडा उपडा केला आणि आतून आवाज आला, "रिबके, अजून दे गं."

आईचा आवाज! मी धावले. मामांच्या हातातलं पुस्तक खाली पडलेलं. आई डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती. ओठ ओले, हनुवटीवर ओघळ. आणि ते फुलपात्र सुलटं — तळाशी घोटभर पाणी.

घरात दुसरा थेंब नव्हता. शेजारच्या हमीदाचाचींनी कुंपणावरून कळशी दिली. "या अल्ला, भाभी उठली? घोट घोट पाज हां, बेटा."

आई बरी झाली. आम्ही नवस फेडायला आमच्या प्रेषिताचा, एलियाहू हन्नबींचा, मलिदा केला. गूळ-खोबऱ्याचे पोहे हातात घेऊन मामा तिला खोदून खोदून विचारत होते.

"प्रकाश दिसला का? पांढऱ्या कपड्यातलं कोणी?"

"घसा कोरडा पडला होता रे. रिबकाने पाणी पाजलं."

"ती मागे अंगणात होती! दारात मी होतो, आत कोणीच गेलं नाही. तिच्या रूपात देवदूतच आला असणार."

"दादा, मला माझी पोर ओळखता येत नाही होय? हाताला राखेचा वास येत होता तिच्या. तुझे देवदूत भांडी घासतात का?"

त्या दिवशी सकाळीच राखेने भांडी घासली होती मी.

डॉक्टरांना नाडी लागली नसेल, मान्य. पण ते पाणी? माझ्याच हातून भरलं गेलं आणि मी विसरले, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. मी खुळी नाही. आणि देवदूतही नाही. याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही, आणि कुठल्या पुस्तकातून उसना आणायचीही माझी तयारी नाही.

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली. ती खरंच गेली तेव्हा घरातल्या बायका पाणी ओतायला उठल्या. हंडे ओतू दिले मी. फुलपात्राला मात्र हात लावू दिला नाही.

"रिबका, रीत आहे आपली," काकू म्हणाली.

"असू दे."

काठोकाठ भरून ते मी तिच्या उशाशी ठेवलं आणि तिला न्यायला येईपर्यंत तिथून हलले नाही. या वेळी तिने मागितलं नाही. मी मात्र शेवटपर्यंत वाट पाहिली.