इंजिनातलं पाणी

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. दादाला नाही, आबांना तर नाहीच नाही. देवाचं म्हणाल, तर पालच्या खंडोबापुढं कितीदा तरी उभा राहिलो, भंडारा उधळला, आणि भलतंच काहीतरी मागून परत आलो. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच जमतंय बहुतेक.

पण आधी गाडीबद्दल सांगू द्या. टाळत नाहीये — बरं, थोडं टाळतोय. पण ती गाडी डोळ्यांपुढं आल्याशिवाय बाकीचं तुम्हाला कळायचं नाही.

आमचं गाव कडेगावपासून जवळच. घरचा ऊस, एक बैलजोडी, आणि थोरला भाऊ फौजेत — म्हणजे आमच्याकडं दर तिसऱ्या घरात असतं तसंच सगळं. वीसेक वर्षांपूर्वी दादा सुट्टीवर आला तो थेट पुण्याहून गाडी चालवत. लाल रंगाची, मागून आखूड, दिसायला बुटकी. गावातल्या एकानं विचारलं, एवढ्या पैशात मोठी गाडी आली असती की रं? दादा हसला आणि त्यानं नुसती किल्ली फिरवली. त्या छोट्या अंगात मोठ्या गाडीचं इंजिन होतं. तो आवाज मी आजही विसरलेलो नाही. मोठा नव्हता, खोल होता. पारावरची माणसं बोलायची थांबली होती. मला घेऊन तो शाळेपासून पुलापर्यंत गेला, आणि पाठ सीटला अशी चिकटली की मी घाबरून हसायला लागलो. कंपनीनं पुढं ती गाडी बनवायची बंद केली. मी तशी दुसरी आमच्या भागात कधी बघितली नाही.

आबा तिला ‘तांबडी’ म्हणायचे. आमचे वडील बैलाला बैल आणि मोटारीला मोटार म्हणणारे नाहीत. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये तिची जागा केली, तेव्हा त्यांनी जमीन चोपून घेतली, वर शेण सारवलं. दादा हसून हसून बेजार झाला. सुट्टी संपली तसा किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, आठवड्यातनं एकदा चालू कर, पार कराडपर्यंत नेऊन आण, पण हायवेला घालू नको.

मी तेव्हा कॉलेज सोडून नुसता फिरत होतो. घालू नको म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार?

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा. त्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या दिवशी, आबांनी मला कराडला पाठवलं. बैलांसाठी गोंडे, शिंगांना लावायला हुरमुंज, नवी वेसण. मी तांबडी काढली. बाजार अर्ध्या तासात उरकला. मग वाटलं, उंब्रजपर्यंत जाऊन येऊ. कोण बघतंय?

हायवे मोकळा होता. काय सांगू — ती गाडी पळत नव्हती, रस्ताच तिच्याखाली ओढला जात होता. ऊस, ढाबे, कृष्णेकडची झाडी, सगळं एका हिरव्या पट्ट्यात गेलं. मी मोठ्यानं ओरडत होतो, आनंदानं. खोटं कशाला सांगू, तसा आनंद मला लग्नातही झाला नाही आणि पोरगी झाली तेव्हा झाला त्यात काळजी होती. हा निव्वळ होता. उंब्रजच्या अलीकडं एका मोठ्या गाडीनं मला मागं टाकलं. मी तिच्या मागं लागलो. पाचव्या गिअरमधून चौथ्यात घालायला गेलो आणि घाईत दांडी दुसऱ्यात गेली.

इंजिन किंचाळलं. दुसरा शब्द नाही त्याला. काटा लाल पट्ट्याच्याही पार गेला, मागची चाकं क्षणभर हलकी झाली, आणि मग आतून खडखड सुरू झाली. रस्त्याच्या कडेला थांबलो. गाडी बंद पडली नव्हती. पण दम्याच्या माणसासारखी धापा टाकत होती.

मसूरच्या आडवाटेनं, रडतखडत, कशीबशी घरापर्यंत आणली. वळणावर इंजिन बंद केलं आणि उतारावरून गुपचूप शेडमध्ये सोडली. आबा बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, गोंडे झ्याक आणलेस. त्या रात्री मी ठरवलं होतं, सकाळी सांगून टाकायचं. खरंच ठरवलं होतं. त्याचं आता काय करायचं?

सकाळी उठून बाहेर आलो तर आबा तांबडीला आंघोळ घालत होते.

बैल धुऊन झाले होते. पाण्याच्या मोटरचा पाइप तसाच ओढून त्यांनी गाडीवर धरला होता. चाकं घासली, पोटाखालनं पाणी मारलं — आणि बॉनेट उघडून आत. बैलाच्या मानेखाली, कानामागं, खुरांत जसं पाणी घालतात तसं इंजिनात सगळीकडं, प्रेमानं, पुन्हा पुन्हा. मग बॉनेटला हळद-तूप लावलं, पुढं गोंडा बांधला. संध्याकाळी मिरवणुकीत तांबडी बैलांच्या पुढं जायची होती. ते त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी लोक जमले. हलगी वाजत होती. आबांनी मला खूण केली. मी किल्ली फिरवली. गाडी हादरली, धडधडली, दोनदा ठसकली आणि बंद पडली. पुन्हा फिरवली. तेच. हलगीवाला थांबला. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि बॉनेटच्या फटीतून अजून पाणी ठिबकत होतं.

तुम्ही असता तर काय केलं असतं? नको, उत्तर नको. मी काय केलं ते सांगतो. मी गाडीतून उतरलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “आबा, इंजिनात पाणी घातलं तुमी.”

एवढंच. पाच शब्द. त्यात तसं खोटं काहीच नव्हतं बघा — पाणी त्यांनी घातलंच होतं.

आबांनी वाद घातला नाही. ‘पाण्यानं कशी मरंल गाडी’ असं विचारलंसुद्धा नाही. हातातलं फडकं खाली पडलं, ते उचललं नाही. मान हलवली फक्त. रात्री दादाचा फोन आला तेव्हा मी घ्यायच्या आधी त्यांनीच घेतला आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं की माझ्या हातनं तुझी गाडी मेली. दादा तिकडून काय म्हणाला माहीत नाही. आबा इतकंच म्हणत होते, व्हय, माझीच चूक, माझीच. मी भिंतीला टेकून पुरणपोळी खात होतो. ती मला गोड लागली होती, हेही सांगून टाकतो.

इथं थांबलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याला रोज वैरण घालावी लागते. दादा म्हणाला, इंजिन खोलून बघू. मी म्हणालो, पार्ट मिळत नाहीत. आबा म्हणाले, सांगलीला कुणी असंल मिस्त्री. मी म्हणालो, उगीच खर्चात पडू नका, खोलल्यावर आणखी बिघडते. मला माहीत होतं, खोललं की आतलं दिसणार. असं करत करत वर्षं गेली. दादाच्या बदल्या झाल्या, माझं लग्न झालं, कडेगावात खतांचं दुकान टाकलं. बैलजोडी गेली, ट्रॅक्टर आला. भंगारवाला दोनदा येऊन गेला. आबांनी त्याला अंगणातही येऊ दिलं नाही. तांबडी शेडमध्ये विटांवर उभी राहिली, ती त्या पाच शब्दांमुळं.

दादा दोन वर्षांपूर्वी रिटायर होऊन आला. पेन्शनीचे कागद लागेपर्यंत दम निघाला नाही त्याला, तांबडी उभी करायची म्हणून हट्टच धरला. जुन्या गाड्या नव्या करणारा एक मिस्त्री त्यानं कराडमध्ये शोधला — बाबू म्हणून, अखंड बोलणारा, स्वतःची तारीफ करण्यात बिलकूल कंजुषी नसलेला. माझ्याकडं आता अडवायला कारण उरलं नव्हतं. पार्ट तर हल्ली फोनवर मागवता येतात.

बाबू शेडमध्ये आला, ताडपत्री काढली, बॉनेट उचललं आणि चक्क गप्प झाला.

आत कडुनिंबाचा पाला होता. सुकलेला नव्हे, हिरवा. बॅटरीच्या जागेत, वायरींच्या मागं, कोपऱ्याकोपऱ्यात नीट रचलेला. बाबूनं टॉर्च घेऊन वायरिंगचा एकेक जोड तपासला. एवढी वर्षं उभी गाडी, आणि वायरीला उंदराचा एक दात नाही. दारांच्या बिजागऱ्यांना एरंडेल. काचांच्या रबरांना खोबरेल. गंज होता, पण वरवरचा. बाबू म्हणाला, असली उभी गाडी मी जन्मात बघितली न्हाई. दादानं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. आई म्हणाली, तुमचे आबा दर पंधरवड्याला पाला बदलतात की. आणि बेंदराला पुसतात, कोरड्या फडक्यानं. पाणी लावत नाहीत.

मी त्याच घरात राहत होतो. मला कधी दिसलं नव्हतं, कारण मी शेडकडं बघायचंच सोडून दिलं होतं. एका चुकीसाठी — ती त्यांची नव्हतीच — माणूस इतकी वर्षं वाकून पाला बदलतो? मला रडू आलं नाही. माझे हात गार पडले. मोठ्या देवळात शिरल्यावर पडतात तसे.

गाडी टेम्पोत घालून कराडला नेली. महिन्याभरात बाबूनं इंजिन खोललं आणि आम्हाला बोलावलं. टेबलावर वॉल्व्ह मांडून ठेवले होते. काही सरळ, काही वाकलेले, खिळा चुकीचा ठोकल्यावर वाकतो तसे.

“हे पाण्याचं काम न्हाई,” बाबू म्हणाला. “ही हाणलीया कुणीतरी. चुकीचा गिअर पडला की एका झटक्यात हुतंय असं.”

दादानं एक वॉल्व्ह हातात घेतला, उजेडात फिरवला. बराच वेळ. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर — नाही, तरीही मी बोललो नसतो, मला मी माहीत आहे. मग वॉल्व्ह परत जागेवर ठेवून तो शांतपणे म्हणाला, कुणाच्या हातनं झालं त्याचं आता काय करायचंय. आबांना सांगू, माझ्या हातनं झालं. सुट्टीत लय पळवली होती. म्हातारा सुटंल तरी.

मी हो म्हणालो. थोरल्या भावानं माझं ओझं उचललं, आणि मी ते त्याच्या खांद्यावर नीट बसतंय का एवढंच बघितलं.

त्या दिवशी संध्याकाळी दादानं आबांना सांगितलं. सोप्यात बसून, मांडी घालून, वाकलेला वॉल्व्ह पुढं ठेवून. आबांनी सगळं ऐकून घेतलं. वॉल्व्ह हातात घेतलाही नाही. मग हसले. दादाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “तू फौजी गडी. तुला खोटं बोलाय येत न्हाई, पोरा. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोलतुयास.”

दादा खोटं बोलत होता, हे त्यांनी बरोबर ओळखलं. आयुष्यभर दादाचं खोटं त्यांनी असंच ओळखलं. माझं कधीच ओळखलं नाही. मी शेजारीच बसलो होतो, हात लांब केला असता तर त्यांच्या पायाला लागला असता इतका जवळ. आता जगात एकच तोंड उरलं होतं ज्यावर त्यांचा विश्वास बसला असता. मी आईला म्हणालो, चहा टाक.

यंदा बेंदराला तांबडी घरी आली. नवा लाल रंग, तीच सीट, तोच खोल आवाज. दादानं किल्ली फिरवली आणि गल्लीतली पोरंसोरं, म्हातारी माणसं, सगळी पुन्हा गप्प झाली. मीही. इतकी वर्षं मेलेली वस्तू अशी बोलायला लागते तेव्हा अंगावर काटा येतो हो, आपण कोणीही असलो तरी. आबा दारातून चालत आले. चपला लांब काढल्या. गाडीपुढं उभे राहून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, माझं चुकलं, पोटात घाल. ते गाडीशी बोलत होते. हलगी नव्हती, सगळ्यांना ऐकू आलं.

मग त्यांनी खांद्यावरचं कोरडं फडकं काढलं. मला वाटलं, पुसतील आता. त्यांनी ते माझ्यापुढं धरलं.

“तू पूस,” म्हणाले. “माझा हात सोसत न्हाई तिला. तुझा चांगला हाय.”

मी फडकं घेतलं. आधी काच पुसली, मग बॉनेट, मग चारी दारं. आबा मागं उभं राहून बघत होते.