जर्नलवर सही कुणाची?

मित्रांनो, उद्या प्रॅक्टिकलची परीक्षा आहे. प्रयोगांच्या जर्नलवर विभागप्रमुखांची सही नसेल तर बसू देत नाहीत. मी भौतिक, रसायन, जीवशास्त्र असं एकत्र विज्ञान शिकते, त्याला स्वतःचा विभागप्रमुख नाही. माझं जर्नल तलावाच्या पाण्यावर आहे.

फिजिक्सचे सर म्हणाले, "पाण्याचं आहे, केमिस्ट्रीत जा."

केमिस्ट्रीच्या मॅडम म्हणाल्या, "यात शेवाळ आहे गं, बॉटनीत जा."

बॉटनीचे सर म्हणाले, "आलेख लई आहेत. शेवाळाच्या पानांपुरती सही देतो."

एरवी कॉलेजच्या कार्यक्रमात मी माईक सोडत नाही. आज भांडायची ताकदच नव्हती. मिळाली तेवढी सही घेऊन गारखेड्याला घरी आले.

निसर्गाला विभाग नसतात, हे प्रवेशाच्या वेळी याच तिघांनी सांगितलं होतं. तुमच्यात कुणी हे एकत्र विज्ञान शिकलं असेल तर सांगा, उरलेल्या पानांवर सही कुणाची घेतली?