मावशींनी पाहिलेलं स्थळ

पूर्णेच्या दवाखान्यात त्या आया होत्या. सगळं गाव त्यांना मावशीच म्हणायचं. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा लेकीसाठी स्थळ पाहावं तशी त्यांनी स्वतःसाठी जागा पाहायला सुरुवात केली. चांगलं लुगडं नेसून जायच्या, पोहे खायच्या आणि विचारायच्या, "संडास किती लांब हाय? रातच्याला हाक मारली तर कोण उठंल?"

परभणीच्या पुतण्याला त्यांनी नकार कळवला. "घर लय चांगलं हाय, पण दिवसभर बोलायला कोणी न्हाई." पाथरीच्या भाचीकडं उभा जिना होता. "आज चढले. पुढं कोण चढवंल?"

एका रविवारी त्या आमच्याकडं आल्या. आमची पुढची खोली रिकामी होती, आणि आम्ही नवरा-बायको नोकरीवर गेलो की आई घरात एकटीच असायची. मावशींनी खोली पाहिली, मोरीत पाय घसरतो का तेही पाहिलं. पोहे संपवले, पदर सारखा केला आणि आईसमोर मान खाली घालून बसल्या.

"आमाला स्थळ पसंत हाय. तुमचं काय?"

आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोरगी जरा थोराड हाय," ती म्हणाली, "पण चालंल."