हट्टी आकडा

गोदामाच्या मुकादमाला सगळे पाढेमास्तर म्हणत. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलं होतं, पण आईने दोनापासून दहापर्यंतचे पाढे असे घोटून घेतले होते की झोपेतून उठवून विचारलं तरी अडखळायचे नाहीत. दहाच्या पुढचे आईलाच येत नव्हते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

गोदामातली साखरेची पोती हातगाड्यांवरून मालगाडीपर्यंत न्यायची, हे तिथलं काम. सकाळी येतील तेवढ्या माणसांच्या टोळ्या पाडायच्या. प्रत्येक टोळीला पोती सारखी, म्हणून माणसंही सारखीच हवीत. एकदा एका टोळीत एक माणूस कमी पडला आणि संध्याकाळी कुणाचं तरी डोकं फुटलं. तेव्हापासून नियम झाला, टोळ्या हव्या तितक्या पाडा, पण कुठे माणूस कमीजास्त नको. काही केल्या सारख्या टोळ्या पडेनात, तर एकाला बाजूला काढायचं. उरलेल्यांच्या मग निदान जोड्या तरी जुळतातच. बाजूला कोण, तर जो फाटकातून सगळ्यात शेवटी आत आला तो.

बाजूला काढलेल्याला घरी पाठवत असते तर गोष्टच वेगळी होती. आवाराच्या मागे मळीच्या टाक्या होत्या. रिकाम्या टाकीत उतरून त्याने तळाचा गाळ खरवडायचा, एकट्याने. वर दोर धरायला कुणी नाही, कारण वर माणूस द्यायचा तर टोळ्या पुन्हा मोडणार. आत हवा इतकी कोंदट की धडधाकट गडीसुद्धा ओकत वर यायचा. साहेबलोक टाकीकडे फिरकत नसत आणि पाढेमास्तरांनीही नियमाला कधी नाव ठेवलं नाही. नियम सगळ्यांना सारखा, एवढं त्यांना पुरे होतं.

ज्या आकड्याच्या सारख्या टोळ्या पडत नाहीत, त्याला पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. आवारात त्याला म्हणत हट्टी आकडा. तो ओळखावा तर पाढेमास्तरांनीच. आकडा सम असला की प्रश्नच मिटला. शेवटी पाच असलं की पाचापाचांच्या टोळ्या. अंकांची बेरीज तिनाच्या पाढ्यात बसली की आकडाही तिनाने तुटतो. राहिला सात. त्याच्या पुढे जायचं कारणच नाही, कारण माणसं शंभराच्या आत असायची, आणि दहा दाहे शंभर. शंभराच्या आतला आकडा कुठल्या मोठ्या संख्येने तुटत असेल, तर तिचा जोडीदार दहाच्या आत सापडलाच पाहिजे. हे मास्तरांनी स्वतःच्या डोक्याने शोधलं होतं, आणि त्यात काडीची चूक नव्हती.

त्यांचा धाकटा भाऊ त्याच आवारात होता. वीटभट्टीवर काम करून त्याची छाती पार गेली होती. सकाळी खोकल्याची उबळ आली की अर्धा रस्ता भिंतीला धरून यायचा, म्हणून कायम शेवटच्या चार-पाचांत. आल्या आल्या विचारायचा, "दादा, आज जुळतात ना?"

"जुळतात. पळ."

असं रोज चाले. भावजयीने एकदा मास्तरांना जिन्यात गाठलं होतं. "भावोजी, काय वाटेल ते करा, पण ह्यांना टाकीत उतरवू नका. परत यायचे नाहीत."

"त्याला म्हणावं, लवकर निघत जा," मास्तर म्हणाले. "आकडा भाऊबीऊ ओळखत नाही."

बोलले खरे, पण त्या दिवसापासून रोज सकाळी फाटकाशी त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

त्या दिवशी एक्याण्णव माणसं भरली. एक्याण्णवावा धाकटा होता.

सम नाही. शेवटी पाच नाही. नऊ नि एक दहा, म्हणजे तीनही गेला. मास्तरांनी सातचा पाढा मनात म्हटला, सात एके सातपासून सात दाहे सत्तरपर्यंत. एक्याण्णव कुठेच आले नाहीत. त्यांनी पुन्हा म्हटला. पुन्हा नाहीत.

"दादा, आज जुळत नाहीत वाटतं."

"हट्टी आहे."

"आकडा की तू?" धाकटा हसला आणि हसता हसता खोकायला लागला.

एक दांडगा हमाल पुढे आला. "मास्तर, ह्याला राहू द्या. मी उतरतो."

मास्तरांच्या तोंडावर हो आलं होतं. पण आज भावासाठी अदलाबदल केली, तर उद्या मेव्हण्यासाठी होईल आणि परवा नियमाचं भजं होईल. एवढी वर्षं कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. "नियम तो नियम," ते म्हणाले. धाकट्याने फावडं उचललं. "थोड्या वेळाने हाक मार," एवढंच तो म्हणाला.

मास्तरांनी हाक मारली. आतून ओ आली नाही.

दुपारी ते इस्पितळात, मुडदाघराबाहेरच्या बाकावर बसले होते. समोर लांबच लांब बोळ, जमिनीवर चौकोनी लाद्या. बोळ बरोबर सात लाद्यांचा रुंद होता. मन थाऱ्यावर नव्हतं, पण डोळ्यांची खोड जाईना. सकाळची माणसं ते लाद्यांवर उभी करायला लागले, एका ओळीत सात. सात, चौदा, एकवीस. दहाव्या ओळीला सत्तर झाले. आईचा पाढा इथे संपायचा. लाद्या मात्र पुढे चालूच होत्या. एकवीस माणसं अजून उभी राहायची होती. त्यांनी आणखी सात उभे केले, मग आणखी सात. आणि तेराव्या ओळीच्या शेवटच्या लादीवर धाकटा येऊन उभा राहिला.

एकही लादी रिकामी नव्हती आणि एकही माणूस बाहेर नव्हता.

मास्तरांनी सत्तराच्या पुढचे, शंभराच्या आतले सातने तुटणारे आकडे एकेक करून तपासले. सत्त्याहत्तर म्हणजे सरळ सात अकरा, ते कुणालाही दिसतं. चौऱ्याऐंशी नि अठ्ठ्याण्णव सम. शंभराच्या आत त्यांना फसवू शकणारा एकच आकडा होता, आणि तो आज आला होता. याआधीही कधी आला असेल. तेव्हा टाकीत कोण उतरलं होतं, हे आठवून बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी ते भावजयीच्या खोलीवर गेले. शेजारणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. दारामागच्या खुंटीवर धाकट्याचा दुसरा सदरा होता. रडून रडून भावजयीचा आवाज बसला होता, तरी तिने उठून त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"भावोजी, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "हमालांनी सांगितलं मला. आकडाच हट्टी निघाला, त्याला तुम्ही तरी काय करणार? तुमचा हिशेब कधी चुकला आहे का!"

शेजारणींनी माना डोलावल्या. मास्तर गप्प बसले असते, तर जन्मभर कुणाला कळलं नसतं. त्या आवारात तेराचा पाढा येणारं होतं कोण?

"जुळत होते," ते म्हणाले.

"काय?"

"सातासातांच्या तेरा टोळ्या. सगळे बसत होते. मला दिसलं नाही."



"म्हणजे ह्यांना उतरायचं नव्हतंच?"

"नव्हतं."

तिने त्यांच्यापुढचा पेला उचलला. पाणी तसंच होतं. ते तिने मोरीत ओतलं, पेला पालथा घातला आणि त्यांच्याकडे पाठ करून तिथेच बसली.