कानांनी सिनेमा पाहणारे काका

पुण्यात मला पाय टेकायला जागा दिली ती आमच्या काकांनी आणि काकूंनी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे काकांची जी थट्टा होईल ती त्यांच्याच गॅलरीत झोपून मोठा झालेला माणूस करतोय, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात राहील. काका माझ्या नात्यातले नव्हेत. माझं गाव चंद्रपूरच्याही पलीकडे, जंगलाला लागून. शाळा आठवीत सुटली आणि मी पुण्यात येऊन एका थेटरात डोअरकीपर झालो. काका तिथे गिऱ्हाईक म्हणून यायचे. आणि ते कसले गिऱ्हाईक होते म्हणाल, तर अख्ख्या पुण्यात सिनेमा कानांनी पाहणारा तेवढा एकच माणूस होता, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगेन.

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते दुपारच्या खेळाला. पडद्यावर मारामारी चाललेली, पब्लिक शिट्ट्या मारतंय आणि मधल्या रांगेत हे गृहस्थ डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसलेले. झोपायला येणारे लोक आमच्याकडे पुष्कळ असत, उन्हाळ्यात तर जास्तच. मी त्यांच्या तोंडावर बॅटरी मारली. “ओ काका, झोपायचं तं घरी झोपा ना जी.” त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, “मी झोपलेलो नाही. मी सिनेमा बघतोय. आणि ती बॅटरी बंद करायची असेल तर आत्ता करू नका, बटणाचा आवाज होतो. ढोल सुरू झाला की करा.” ढोल सुरू होईपर्यंत मी बॅटरी तशीच धरून उभा राहिलो. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. लाज वाटण्याची पुण्यातली माझी सुरुवात ती.

काकांना सिनेमातली गाणी आवडत नसत. गाणं लागलं की सगळं थेटर सावरून बसे आणि हे उठून बाहेर शेंगदाणे खायला जात. त्यांचा जीव गाण्यांच्या मधल्या संगीतावर. नायिका जिना उतरते तेव्हा मागे जे वाजतं, दार उघडण्याआधी जे थरथरतं, ते. “गाणं म्हणजे जाहिरात,” ते म्हणत. “खरा माणूस पाहुणे गेल्यावर कळतो, तसा खरा संगीतकार गाणं संपल्यावर.” एकच सिनेमा ते पाच-सहा वेळा पाहत आणि गोष्ट मात्र त्यांना कधी कळत नसे. काकूंनी एकदा जेवताना विचारलेलं मला आठवतं.

“अहो, एवढ्यांदा बघितलात, शेवटी त्या पोरीचं लग्न झालं कुणाशी?”

“लग्नाचं माहीत नाही. पण शेवटी कुणीतरी गेलं. सगळी व्हायोलिनं थांबली आणि एकटा चेलो उरला. वडील गेले असणार.”

“वडील पहिल्या अर्ध्या तासातच गेलेत. शेवटी त्यांचं कुत्रं गेलं.”

काकांनी पुढचा घास घेतला. मग म्हणाले, “मग कुत्र्याला फारच चांगला चेलो दिलाय.” चेलो म्हणजे व्हायोलिनचा जाडा थोरला भाऊ, हे मला काकूंनी नंतर स्वयंपाकघरात समजावलं.

थेटर बंद पडलं तेव्हा माझी झोपायची जागाही गेली, कारण मी तिथेच जिन्याखाली झोपत असे. शेवटच्या खेळाला काका आले, सिनेमा ऐकला, जाताना माझ्यापाशी थांबले. “आमच्याकडे एक गॅलरी आहे. घोरतोस का?” मी म्हटलं, “नाही जी.” “मग ये.” एवढंच. काकू आल्यागेल्याला अजून सांगतात, “लोक माणूस ठेवताना गाव विचारतात, जात विचारतात, कुणाची चिठ्ठी आणलीय का विचारतात. ह्यांनी घोरतोस का तेवढं विचारलं.” पर्वतीच्या पायथ्याशी त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि खोल्यांना ती गॅलरी. मी दिवसा एका बेकरीत पाव भाजायचो, संध्याकाळी घरी येऊन मिळेल ते काम करायचो आणि ताट खाली ठेवतानाही आवाज होणार नाही याची काळजी घ्यायचो. त्या घरात आवाजाला फार मान होता, म्हणून तो उगाच कुणी करत नसे. दारावर काकांनी कसली सूचनाही लावलेली नव्हती. “पाटी लावली की लोक ती मोठ्यानं वाचतात,” हे त्यांचं कारण.

दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे बैठक भरे. दातांचे एक डॉक्टर आणि व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई नेमाने येत. आठवड्यात कुणी काय ऐकलं ते कॅसेटवर घेऊन यायचं, सगळ्यांनी मिळून ऐकायचं आणि मग पाळीपाळीने मत द्यायचं. डॉक्टरांची मतं त्यांच्या धंद्यातली असत. “हा ट्रम्पेट म्हणजे अक्कलदाढ. गरज नव्हती, तरी आला.” त्यावर बाई म्हणत, “डॉक्टर, तुम्हाला सगळंच काढून टाकण्यासारखं दिसतं.” काकांचे नियम दोनच होते. एक म्हणजे, ‘छान’ म्हणायचं नाही. छान भजीला म्हणतात, ते मत नव्हे. दुसरा म्हणजे, रडायचं नाही. “रडणं आलं की ऐकणं संपतं. डोळे भरले की कान बुडतात.” पूर्वी एक वकील बैठकीला येत असत. त्यांनी एकदा मध्येच खिशातून रुमाल काढला, तेव्हापासून त्यांना बोलावणं बंद झालं, असं डॉक्टर मला गंभीरपणे सांगत. ते खरं की खोटं हे विचारायची माझी छाती नव्हती. मी मनाशी एवढंच धरून ठेवलं की या घरात रडणाऱ्याला जागा नाही. आणि मला तर दुसरी जागाच नव्हती.

चहा देऊन झाला की काका मलाही बसवून घेत, आणि पाळी माझ्यावर आली की माझे कान तापत. “छान वाटलं जी,” माझ्या तोंडून निघून जाई. डॉक्टर छताकडे बघत. मग काका शांतपणे सांगत, “त्याला म्हणायचंय, की वाद्यं कमी ठेवली ते बरं केलं.” मी मान हलवत असे. पुढे मी आठवडाभर एखादं वाक्य पाठ करून ठेवायला लागलो. भट्टीसमोर उभा राहून पुटपुटायचो. एकदा मोठ्या ऐटीत म्हणालो, “यातली शांतताच जास्त बोलते.” बाई हसल्या नाहीत, पण डॉक्टर म्हणाले, “हे मागच्या रविवारी बाई म्हणाल्या होत्या. तेव्हाही मला पटलं नव्हतं.” त्या दिवशी मी दुपारचा जेवलो नाही. काका गॅलरीत आले, कठड्याला टेकून उभे राहिले. “हे बघ, वाद्यवृंदात ट्रँगल म्हणून एक असतो. नुसती तिकोनी सळई. बाकी सगळे तासभर राबतात आणि हा आपला बसून. मग एकदा येतो, टिंग करतो, परत बसतो. पण तो आला नाही, तर ऐकणाऱ्याला काहीतरी राहिलंय असं घरी जाईपर्यंत वाटत राहतं. तू ट्रँगल आहेस. घाई करू नकोस.” एवढं बोलून ते आत गेले. पाठ केलेली वाक्यं मी त्या दिवसापासून सोडून दिली, पण ‘छान’ काही सुटलं नाही.

मग एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक जुना सिनेमा लागणार असं कळलं. त्याच्या पार्श्वसंगीताची तबकडी कधी निघाली नव्हती आणि काका त्यासाठी कित्येक वर्षं टपून होते. टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून ते उतरवून घ्यायचं ठरलं. दिवस मे महिन्याचे, तरी पंखा बंद, कारण तो गुणगुणतो. घड्याळाचा लंबक काढून ठेवला. डॉक्टर आणि बाईंना येऊ नका म्हणून निरोप गेला, कारण माणूस म्हटला की श्वास आला. काकू बहिणीकडे निघाल्या आणि जाताना कुकरची शिट्टी पर्समध्ये टाकत म्हणाल्या, “ही मी घेऊनच जाते. म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको.” मला दाराशी स्टुलावर बसवलं होतं, कुणी आलं तर बेल वाजवण्याआधीच त्याला थोपवायला. काका खुर्चीत, डोळे मिटलेले. टेपरेकॉर्डरचा लाल दिवा लागला.

मी काही डोळे मिटले नव्हते. मी सिनेमा बघत होतो. त्यात एक पोरगा गाव सोडून निघतो, पिशवी खांद्याला, आणि त्याची आई दारात येत नाही. आत पाठमोरी बसून तांदूळ निवडत राहते. कुणी काही बोलत नाही. आधी एकच बासरी, आणि मग तिच्याखाली व्हायोलिनं अशी येतात, की आलेली कळतच नाहीत. मी निघालो तेव्हा माझी मायही अशीच बसली होती. धान पाखडत होती, सूप थांबवलं नाही, ‘जा’सुद्धा म्हणाली नाही. मी रस्त्याला लागेपर्यंत सुपाचा आवाज येत होता. माझ्या तोंडून “माय” असं निघालं आणि मागून जे आलं ते मला आवरता आलं नाही. मी खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. लाल दिवा जळत होता. काकांनी डोळे उघडले नाहीत.

सिनेमा संपल्यावर त्यांनी ती जागा मागे घेऊन ऐकली. मी गॅलरीत माझी वळकटी बांधायला घेतली होती. ते दारात येऊन म्हणाले, “पुढचं सगळं स्वच्छ आलंय. काकू येतील, भाताचं बघ.” पुढच्या रविवारी बैठक भरली आणि मी म्हटलं, दूध आणतो. काका म्हणाले, “दूध आहे. बस.” कॅसेट लागली. बासरी आली, व्हायोलिनं आली आणि मग मी आलो. एवढ्याशा खोलीत तो हुंदका म्हशीच्या हंबरण्याएवढा मोठा वाटला.

“हे कुठलं वाद्य?” डॉक्टर म्हणाले. त्यांनी टेप मागे घेऊन पुन्हा लावला. “माय” अगदी स्पष्ट.

“कोण हो हे?”

मी उठलो. “ते मी जी—”

“मी,” काका म्हणाले. “मी रडलो. तू चहा टाक.”

“तुम्ही? आणि रडताना माय म्हणता?”

“रडताना माणूस काय म्हणेल ते त्याच्या हातात नसतं, डॉक्टर. तू चहा टाक म्हटलं ना.”

मी आत जाऊन चहा टाकला. बाहेर मतं देऊन झाली, डॉक्टर हसत होते. मी बाहेर आलो तोवर माझी पाळी निघून गेली होती. त्या सिनेमावरचं माझं मत तेवढं राहिलं.

त्याच्या पुढच्या रविवारी डॉक्टरांनी काकांना डझनभर रुमाल आणून दिले. ते वकीलही कुठून तरी बातमी लागून हजर झाले आणि दारातूनच ओरडले, “मी नुसता रुमाल काढला होता, आणि इथे यजमान हंबरडा फोडतात!” काकांनी त्यांना मानाने बसवून घेतलं. वर्षानुवर्षं जो आला तो काकांना रडण्यावरून चिडवून गेला. कधी न रडल्याचा एवढा अभिमान असलेला तो माणूस, मुकाट्याने सगळं ऐकून घेई. आणि मी खाली मान घालून कपबशा गोळा करत असे. दोनदा त्यांना म्हटलं, “काका, मी सांगतो सगळ्यांना.” ते म्हणाले, “काही नको. माझं आता मस्त चाललंय. घरात चांगले रुमाल झालेत.”

नंतर मला दुधाच्या गाडीवर नोकरी लागली, कात्रजला खोली झाली, लग्न झालं. मधल्या एका वर्षी दाढ दुखली म्हणून त्या डॉक्टरांकडे गेलो. तोंड उघडं, त्यात त्यांची दोन बोटं, आणि ते सहज म्हणाले, “अरे, पर्वतीच्या पायथ्याला माय म्हणून रडणारा तुझ्याशिवाय दुसरा होता कोण? आम्हाला पहिल्याच झटक्यात कळलं. बाईंना तर माझ्याआधी.” मला रुमालांचं विचारायचं होतं, पण विचारणार कसं? त्यांनीच सांगितलं. “रुमाल आणले नसते, तर तुला वाटलं असतं की आम्हाला कळलंय. चूळ भर.” मी चूळ भरायच्या निमित्ताने बराच वेळ भांड्यावर वाकून राहिलो. इतकी माणसं इतकी वर्षं माझी लाज झाकत होती, आणि मी समजत होतो की मीच लपवलीय.

आता काका-काकू वाघोलीला मुलीकडे असतात, उंच इमारतीत. काकांचे कान गेलेत. कानातलं यंत्र खणात पडलेलं असतं, कारण “त्यातून सगळेच ट्रम्पेट वाटतात.” परवा मी गेलो होतो. तो सिनेमा हल्ली फोनवर मिळतो, अगदी स्वच्छ. मी मोठे हेडफोन आणले, आवाज होता तेवढा वाढवला आणि त्यांच्या कानांवर ठेवले. त्यांनी डोळे मिटले, मान कलती केली. बासरी आली असेल, मग व्हायोलिनं, हे मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं. आणि त्या जागी त्यांनी डोळे उघडले. पार्श्वसंगीत चालू असताना डोळे उघडलेले मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

“इथे ट्रँगल होता,” ते म्हणाले. “कुठे गेला?”

काकू पोळ्या लाटता लाटता थांबल्या.

माझी माय पुण्याला कधी आलीच नाही. मी आणीन म्हणालो होतो, तेवढ्यात ती गेली. तिला मारलेली हाक तेवढी काकांच्या कॅसेटीत राहिलीय. ती कॅसेट मी परवा मागून आणलीय आणि चालणारा टेपरेकॉर्डर शोधतोय. सापडला की एका रविवारी सगळ्यांना माझ्या खोलीवर बोलावीन. डॉक्टर येतील, बाई येतील. पंखा बंद करीन, कुकरची शिट्टी काकूंच्या हातात देईन, काकांना खुर्चीत बसवीन. हाक झाली, की माझी राहिलेली पाळी घेईन. ‘छान’ म्हणणार नाही. तिथे कोण रडलं आणि ते वाजत होतं ते कसं होतं, हे मान वर करून सांगीन. काकांना ऐकू आलं नाही, तर कानाशी जाऊन मोठ्यानं सांगीन. एवढं मात्र मी फेडणार आहे.