आक्कांचं कपाळ

आक्का रागावलेल्या नसायच्या, पण हे सांगून कुणाला पटलं नसतं. त्यांच्या दोन भुवयांमध्ये दोन उभ्या आठ्या होत्या, बोट बुडेल इतक्या खोल. जन्मभर भातखाचरात उभं राहून उन्हाकडे डोळे बारीक करून पाहिल्याच्या. त्या आठ्या घेऊन आक्का नुसत्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या, की पिरंगुटच्या त्यांच्या खोल्यांतले सगळे भाडेकरू आपलं काय चुकलं ते आठवू लागायचे. कंपनीतली बिहारी पोरं पाण्याची मोटर आपण होऊन बंद करायची. आणि आक्का विचारायच्या, "जेवलास का रं?"

मी त्यांची सर्वांत जुनी भाडेकरू, म्हणून त्यांची गुपितं माझ्याकडे यायची. एका रविवारी त्या माझ्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "बाई, ते तोंडाचं इंजेक्शन कुटं मिळतंय? सुरकुत्या जात्यात त्ये."

माझ्या हातातला चहा निम्मा बशीत गेला.

कारण होतं इरा. आक्कांचा मुलगा दत्ता कॅनडात. त्याची तीन वर्षांची लेक फोनवर आजीचं तोंड दिसलं, की "आजी रागावली!" म्हणून भोकाड पसरायची. उन्हाळ्यात ती पहिल्यांदाच गावी येणार होती. "आली अन् माज्या मांडीवर बसलीच न्हाई तर? परत कवा येत्याल, कुनास ठावं." असं म्हणताना आक्कांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. मग मीही पदर खोचला.

बावधनच्या डॉक्टरीणबाई फार गोड बोलायच्या. त्यांनी दोन प्रकार समजावले. बोटॉक्सनं आठ्या पाडणारा स्नायू सैल पडतो. फिलर गालातले खोलगट भाग भरून काढतं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "म्हंजी एक गड्याला झोपवतंय, दुसरं खड्ड्यात मुरूम टाकतंय. आपल्या रस्त्यावानी." डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग तुम्हाला काय करायचंय?" आक्का उठल्याच. "आदी बघू, पोरगी कशाला रडतीया ते."

आणि त्यांनी खरोखर बघितलं! घरी येऊन कपाळाला चिकटपट्टी लावली, भुवया वर ताणल्या आणि फोन लावला. इरा रडली नाही, टक लावून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पट्टी नाही, पण दोन्ही गालांत एकेक बेसनाचा लाडू. गाल फुगून टम्म. इरानं असा सूर लावला, की तिकडे दत्ता धावत आला. "आई, तुला दात दुखतोय का?" आक्कांना लाडू गिळल्याशिवाय बोलता येईना आणि हसण्यामुळे गिळता येईना. निकाल लागला. बोटॉक्स.

इंजेक्शन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आज आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही." आक्कांनी मान डोलावली. पण आमच्याकडे नवा ट्रॅक्टर आला, बोअरला पाणी लागलं, की पहिलं देवीपुढं. मग नवं कपाळ तरी कसं चुकणार? परस्पर देवळात जाऊन आक्कांनी गुरवणीपुढं डोकं वाकवलं. गुरवणीनं मूठभर कुंकू घेऊन अंगठ्यानं असा मळवट भरला, जसं काही भिंतीला गिलावाच करतेय. मला कळलं तेव्हा आक्का कपाळभर लाल होऊन समाधानानं ओट्यावर बसल्या होत्या. "चोळलं कुटं? मळवट भरला."

आठवड्यानं आठ्या गेल्या. खरंच गेल्या. पण डावी पापणी निम्मी खाली आली! बाजारात केळीवाला बावरला. आक्का आपल्याला डोळा का मारतायत, हे त्याला कळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चोळल्यानं औषध पापणीत उतरलंय, काही आठवड्यांत आपोआप पूर्ववत होईल. पण इरा चार दिवसांवर आली होती. त्या चार दिवसांत आक्का धड जेवल्या नाहीत. आरशापुढं बसून बोटानं पापणी वर उचलायच्या, सोडायच्या. "बया, आता तर राक्षीणच दिसतीया मी."

गाडी दारात थांबली. इरा उतरली. आक्का ओट्यावर, पदर निम्म्या तोंडावर. इरानं वाकून पदराखाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं आपले दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि उघडले. डोळा मारायला तिला एवढंच येत होतं. आणि खिदळत जी मांडीवर चढली, ती महिनाभर उतरली नाही. जाताना विमानतळावर ती आक्कांचा पदर सोडेना, म्हणून दत्तानं पुढं आक्कांचा व्हिसाच काढला. दिवाळी झाली आणि जन्मात मुळशीबाहेर न राहिलेल्या आक्का कॅनडाला गेल्या.

आता ओट्यावर कुणी नसतं. मोटर रात्रंदिवस चालते, टाकी भरून पाणी गटारात जातं. जेवलीस का, हे मला गेली दोन वर्षं कुणी विचारलेलं नाही.

परवा आक्कांचा फोन आला. पापणी जागेवर, आठ्या जागेवर; उलट थंडीनं जास्तच खोल झालेल्या. मी चिडवलं, "आक्का, तिकडे घ्या की परत इंजेक्शन!"

"नगं बाई. ही पोरगी रोज माज्या आठीत बोट ठिवून झोपतीया. बोट कुटं ठिवंल मग?"

मी विचारलं, "मग इकडे कधी येताय?"

आक्का काही बोलायच्या आत फोनमध्ये एक छोटं नाक आलं आणि आमच्या खोऱ्यातल्या ठसक्यात म्हणालं, "आजी न्हाई येनार. आजी हितंच हाय."